आरामशीर आधुनिक रिक्लायनर कसा घडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात रिक्लायनर (पाठ मागे झुकणारी आणि पाय ठेवायला फूटरेस्ट वर येणारी खुर्ची) बनवून घेणारे, तो बनवणारे सुतार आणि कुशनवाले, आणि शोरूममध्ये पैसे मोजण्याआधी नीट पाहून घेणारे, या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मापं इंचात दिली आहेत, कारण कामावर टेप त्याच बाजूने धरला जातो. प्लाय, पत्रा, पाइप, चामडं यांची जाडी, बोल्ट आणि बारीक फरक मात्र मिलिमीटरमध्ये आहेत.

डिझाइनची सुरुवात मेकॅनिझमपासून करायची की माणसापासून?

माणसापासून. मिळेल ते मेकॅनिझम, म्हणजे पाठ आणि फूटरेस्ट हलवणारा लोखंडी पट्ट्यांचा संच, आणायचं, त्याभोवती सांगाडा ठोकायचा आणि वर जाड फोम चढवायचा, असं काम बऱ्याच ठिकाणी चालतं. अशा खुर्चीत पहिली पाच मिनिटं छान वाटतं आणि अर्ध्या तासात मान अवघडते. त्यामुळे आधी तीन गोष्टी विचारून घ्या. बसणार कोण, म्हणजे उंची, वजन आणि गुडघ्यांची अवस्था. बसून करणार काय: टीव्ही, वाचन, दुपारची झोप की पाहुण्यांशी गप्पा. आणि खुर्ची ठेवणार कुठे: मागे भिंत किती जवळ, प्लग कुठे, दार किती रुंद.

मग ब्राउन पेपरवर खुर्चीचा बाजूने दिसणारा आकार पूर्ण मापात काढा. जाड पुठ्ठ्याची माणसाची आकृती कापून मान, नितंब आणि गुडघा इथे पिन लावा. ही आकृती कागदावर सरळ, टीव्ही पाहतानाच्या आणि पूर्ण आडव्या स्थितीत ठेवून बघा. टेकू कुठे सुटतो, टाच कुठे येते, डोळे कुठे बघतात, हे लाकडाला हात लावण्याआधीच कळतं. मेकॅनिझम त्यानंतर निवडायचं.

मापं नेमकी किती धरायची?

सगळी मापं माणूस बसल्यावरची धरा. रिकाम्या खुर्चीचं माप फसवतं, कारण बसल्यावर सीट दीड ते दोन इंच दबते. दबलेल्या सीटची उंची जमिनीपासून १६.५ ते १७.५ इंच ठेवली की घरातल्या बहुतेकांचे पाय पूर्ण टेकतात.

सर्वाधिक चूक होते ती सीटच्या खोलीत. परदेशी नमुन्यावरून उतरवलेल्या खुर्चीत ती २१-२२ इंच निघते. सव्वापाच फूट उंचीच्या बाईला त्यात पाठ टेकवायची तर पाय लोंबतात आणि पाय टेकवायचे तर पाठ सुटते. सगळ्या घरासाठी १८.५ ते १९ इंच पुरतात; सहा फुटी माणसासाठी २०.५ पर्यंत जा. पडताळायची रीत सोपी आहे: पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर गुडघ्यामागची पोकळी आणि सीटची कड यांत दोन-तीन बोटं आडवी जायला हवीत.

दोन हातांमधली सीटची रुंदी २१ इंच. हाताची उंची दबलेल्या सीटपासून ८ इंच, फार तर ९. त्याहून वर गेली की खांदे उचलले जातात आणि मान दुखते. कमरेच्या टेकूचा सर्वांत पुढे आलेला भाग दबलेल्या सीटपासून ७ ते ९ इंचांवर आणि फुगीरपणा एक ते सव्वा इंच. डोक्याच्या टेकूचा मध्य २६ ते २९ इंचांवर. खुर्ची एकाच माणसासाठी असेल तर त्याला कडक बाकावर बसवून ही मापं प्रत्यक्ष घ्या आणि सरासरीचा विचार सोडून द्या.

पाठ किती मागे जायला हवी?

सीट आणि पाठ यांतला कोन सरळ स्थितीत १०० ते १०५ अंश, टीव्हीसाठी ११५ ते १२५ आणि पूर्ण मागे १४५ ते १५५. ग्राहक शेवटचा आकडा विचारतात, पण माणूस जास्तीत जास्त वेळ मधल्या स्थितीत असतो. तीच नीट जमवण्यावर कष्ट घ्यावेत.

पाठ थोडी कललेली आणि कमरेला टेकू असला की मणक्यातल्या चकत्यांवरचा दाब सरळ, बिनटेकू बसण्यापेक्षा कमी होतो. हाडांचे डॉक्टर आल्फ नाखेमसन आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांच्या मोजमापांतून हे गेल्या शतकातच पुढे आलं आहे. म्हणजे कल आणि टेकू दोन्ही लागतात. नुसतं मागे झुकवून कमर अधांतरी ठेवली तर उपयोग नाही.

मागे झुकताना शर्ट वर सरकतो आणि कमरेचा टेकू जागा सोडतो. असं का?

हा प्रश्न विचारणाऱ्याने खुर्ची नीट पारखली आहे. माणूस वाकतो तो नितंबाच्या सांध्यातून. हा सांधा दबलेल्या सीटपासून सुमारे चार इंच वर आणि पाठीच्या गादीपासून साडेचार इंच पुढे असतो. खुर्चीची पाठ मात्र सीटच्या मागच्या कडेला, खाली असलेल्या बिजागरीवर फिरते. फिरण्याचे दोन बिंदू वेगळे, म्हणून पाठीची गादी तुमच्या पाठीवरून वर घासत जाते. ३० अंश झुकलात तर घसरण जवळजवळ सव्वादोन इंच होते. शर्ट वर ओढला जातो, कमरेचा फुगवटा बरगड्यांखाली येतो आणि कमरेमागे पोकळी राहते.

उपाय तीन. पाठ झुकताना सीटही पुढे सरकते आणि तिची पुढची कड उचलली जाते, असं मेकॅनिझम घ्या. मागे झुकल्यावर सीटचा चढ १२ ते १५ अंश झाला की शरीर पुढे घसरत नाही. दुसरं, कमरेचा फुगवटा टोकदार न करता पाच-सहा इंच उंचीत पसरवा, म्हणजे दोन इंच सरकला तरी कमरेलाच राहतो. तिसरं, पाठीला फार चिकटणारं कापड घेऊ नका.

टीव्ही बघताना मान दुखते. उशी जाड करू का?

पाठ १२० अंशांवर गेली की नजर छताकडे जाते आणि टीव्ही बघायला मान पुढे धरून ठेवावी लागते. डोक्यामागे दीड-दोन इंच जादा भरणी हवी, हे खरं. पण तीच भरणी सरळ बसल्यावर डोकं पुढे ढकलते. कायमची जाड उशी शिवून टाकू नका. मागच्या बाजूला वजन असलेल्या पट्ट्याची, वर-खाली सरकणारी सुटी उशी सर्वांत स्वस्त आणि चांगला तोडगा आहे. मोटरच्या खुर्चीत डोक्याच्या टेकूला वेगळी मोटर मिळते. आणि आधी टीव्हीची उंची तपासा, तो भिंतीवर फार वर लावला असेल तर कुठलीच खुर्ची मान वाचवू शकत नाही.

कुठल्या प्रकारचं मेकॅनिझम घ्यावं?

खोली छोटी असेल तर झिरो-वॉल. यात पाठ मागे जाताना सगळी बैठक रुळांवर पुढे सरकते, त्यामुळे भिंतीपासून तीन-चार इंच जागा पुरते. साध्या थ्री-वे (तीन स्थितींत थांबणाऱ्या) किंवा रॉकर (डोलणाऱ्या) प्रकाराला मागे १२ ते १८ इंच मोकळे लागतात. राजारामपुरीतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एवढी जागा सोडणं परवडत नाही. पुढच्या बाजूचाही हिशोब करा: पूर्ण उघडल्यावर खुर्चीची एकूण लांबी ६४ ते ६८ इंच भरते, टीपॉय त्याच्या बाहेर हवा.

पुशबॅक प्रकारात उघडायचा दांडा नसतो, पाठीने रेटायचं असतं. दिसायला सुबक, पण हलक्या माणसाला ते रेटत नाही. फिरणारा आणि डोलणारा असे दोन्ही गुण एकाच खुर्चीत मागू नका. जितके सांधे जास्त, तितकी ढिलाई लवकर.

उद्यमनगरात सगळं तयार होतं, मग मेकॅनिझम इथेच का बनवून घेऊ नये?

एक-दोन खुर्च्यांसाठी नको. मेकॅनिझमच्या एका बाजूला डझनभर पट्ट्या आणि त्याहून जास्त रिव्हेट असतात. प्रत्येक भोकात एक-दोन दशांश मिलिमीटर ढिलाई राहिली तरी ती साखळीभर साठत जाते आणि टोकाला फूटरेस्ट अर्धा-पाऊण इंच लोंबतो, शिवाय डावी-उजवी बाजू वेगळी चालते. पट्ट्या डायवर एकसारख्या छापलेल्या आणि सांध्यांत नायलॉनचे बुश (घर्षण कमी करणाऱ्या कड्या) असलेलं तयार मेकॅनिझमच घ्या.

पण बाकी लोखंडी काम इथे उत्तम होतं आणि तिथे शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या कारागिरांच्या हाताचा पुरेपूर फायदा घ्यावा. खालची चौकट २५ बाय ५० मिमी पाइपची, किमान १.६ मिमी जाडीची, मिग वेल्डिंगने. पाय, कंस, फिरतं बूड, सगळं मापात मिळतं. पावडर कोटिंग ६० ते ८० मायक्रॉन मागा आणि वेल्डवरची कीट कोटिंगआधी घासून काढली आहे का, ते स्वतः बघा. ती राहिली तर पहिल्याच पावसाळ्यात कोटिंग पापुद्र्याने सुटतं.

सांगाडा सागवानाचाच हवा का?

नाही. सागवान दिसणाऱ्या पायांना आणि हाताच्या पट्टीला वापरा. आतल्या सांगाड्याला त्याहून महत्त्वाचं काय, तर लाकूड वाळलेलं असणं. ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. ओल्या लाकडाचा सांगाडा उन्हाळ्यात आकसतो आणि मेकॅनिझम अडकायला लागतं. बाभूळ मजबूत, पण वजनदार आणि कडेच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा लागतो. आंब्याचं लाकूड रिक्लायनरला घेऊच नये.

बाजूच्या फळ्यांना १८ मिमी प्लाय सर्वांत भरवशाचा. आयएस ३०३ या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) दर्जा पुरतो. तळमजल्यावर ओल येत असेल तर आयएस ७१० चा मरीन घ्या. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ नकोच, त्यात बोल्ट धरत नाही.

मेकॅनिझम बसवताना काय चुकतं?

निम्म्या तक्रारी इथे जन्माला येतात. दोन्ही बाजूंची मेकॅनिझम एकमेकांना समांतर हवीत, पुढच्या आणि मागच्या टोकाला मोजलेल्या अंतरात दीड मिलिमीटरहून जास्त फरक नको. चौकट गुण्यात (काटकोनात) आहे का ते बघायला नुसता गुण्या लावून भागत नाही, दोन्ही कर्ण मोजा. फरक तीन मिलिमीटरच्या वर असेल तर सैल करून पुन्हा बांधा. चौकट पिळलेली असली की फूटरेस्ट तिरका बंद होतो आणि एका बाजूचे रिव्हेट लवकर खातात.

लाकडाचे स्क्रू वापरू नका. दर वेळी फूटरेस्ट उघडताना त्या जागी झटका बसतो आणि प्लायच्या कडेतला स्क्रू काही महिन्यांत फिरायला लागतो. आरपार ६ किंवा ८ मिमीचा बोल्ट, आतून टी-नट (लाकडात रुतून बसणारा) किंवा नायलॉक नट (नायलॉनच्या कडीमुळे सैल न होणारा) आणि रुंद वॉशर. सगळे बोल्ट आधी सैल लावा, मेकॅनिझम आठ-दहा वेळा उघडझाप करून त्याला आपली जागा घेऊ द्या, मगच आवळा.

बैठकीची पेटी आणि हात यांत प्रत्येक बाजूला किमान अर्धा इंच फट हवी, आणि ती कापड, पॉलिफिल (पॉलिस्टरच्या तंतूंची मऊ भरणी) चढवल्यानंतरची. नुसत्या लाकडाचं माप धरून फट ठेवली की कुशनकाम झाल्यावर खुर्ची घासत चालते, आणि मग दोष मेकॅनिझमला दिला जातो.

फोम कुठला आणि किती?

आधी एक गैरसमज: डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन ४० किलो. त्यावरून फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो. तो मऊ की कडक, हे वेगळं माप आहे. ४० डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो आणि कडकही. दुकानात दोन्ही विचारा.

सीटसाठी खाली ४ इंच ४० डेन्सिटी एचआर (दबून पटकन वर येणारा) फोम, मध्यम कडक. त्यावर १ इंच ३२ डेन्सिटी मऊ फोम, आणि सर्वांत वर ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) पॉलिफिल. नुसता मऊ फोम जाड घातला तर माणूस तळाला जाऊन टेकतो आणि बैठकीची हाडं दुखतात. नुसता कडक घातला तर मांड्यांना रग लागते. दोन थरांनी हे दोन्ही टळतं. पुढच्या कडेला चार इंच रुंदीची कडक पट्टी चिकटवा, उठताना भार तिथेच पडतो. मात्र तिची वरची कड गोल करून घ्या, नाहीतर मांडीखाली रक्तप्रवाह अडून पायाला मुंग्या येतात.

खाली झिगझॅग स्प्रिंग, ८ गेजची, २१ इंच रुंदीत पाच ओळी, चार-चार इंचांवर. ओळी एकमेकींना आडव्या तारेने बांधा. स्प्रिंग आणि फोम यांच्यामध्ये गोणपाट किंवा फेल्ट हवाच; तो नसला तर तार फोमला कापत जाते आणि वर्षभरात सीटमध्ये खळगे दिसतात. नुसते इलॅस्टिक बेल्ट पाठीला चालतात, सीटला नकोत.

पाठीला २८ ते ३२ डेन्सिटीचा मऊ फोम अडीच ते तीन इंच, कमरेच्या पट्ट्यात तोच एक इंच जादा. हातांना कडक फोम अर्धा इंच आणि वर पॉलिफिल. फोम कव्हरच्या मापापेक्षा सगळीकडून अर्धा इंच मोठा कापा, म्हणजे कापड ताणून बसतं. नवा फोम पहिल्या काही आठवड्यांत थोडा नरमतो, तेवढी चुणी नंतर दिसत नाही. जुन्या फोमचे तुकडे दाबून केलेला रीबॉन्डेड फोम फूटरेस्टच्या तळाला चालेल. सीटमध्ये तो दगडासारखा लागतो.

फूटरेस्ट किती लांब असावा?

पोटरी पूर्ण टेकली पाहिजे आणि टाच कडेच्या किंचित बाहेर किंवा मऊ कडेवर यावी. फक्त टाच टेकून पोटरी अधांतरी राहिली तर गुडघा मागे ताणला जातो आणि उठताना ठणकतो. सीट आणि फूटरेस्ट यांच्यात उघडल्यावर चार इंचांची दरी पडते. तिच्यावरून सीटपासून फूटरेस्टपर्यंत एक सलग गादी नेली तर पोटरीला आधार मिळतो आणि लहान मुलांची बोटं आत जाण्याची वाटही बंद होते. या गादीला बंद होताना घडी पडेल अशी एक आडवी शिवण ठेवा. शिवण नसेल तर गादी आत चेपते आणि फूटरेस्ट बंद होत नाही.

आधुनिक, सडपातळ दिसणारा रिक्लायनर आरामशीर होऊ शकतो का?

होतो. आराम फुगीरपणातून येत नाही. अमेरिकन डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांची १९५६ ची प्रसिद्ध ईम्स लाउंज चेअर घ्या: पाठ-सीटचा कोन बदलतच नाही, गाद्याही फार जाड नाहीत, तरी माणूस तासन् तास बसतो, कारण कोन आणि टेकूच्या जागा बरोबर आहेत.

हात तीन ते चार इंच रुंद करायचे असतील तर आत प्लायऐवजी पाइपची चौकट घ्या. पाय पाच-सहा इंच उंच हवे असतील तर उंच पायांसाठीचं वेगळं मेकॅनिझम मिळतं, त्यात फूटरेस्ट सीटखाली घडी होऊन बसतो. खालून झाडू फिरतो, खोली मोकळी वाटते. या प्रकारात फूटरेस्ट थोडा आखूड असतो, उंच माणसाला तो पुरतो का ते आधी बघा. पाठ मात्र दिसण्यासाठी आखूड करू नका. डोकं न टेकणारा रिक्लायनर कुणी वापरत नाही.

हाताने चालणारा की मोटरचा?

धडधाकट माणसाला हाताचा पुरतो आणि त्यात बिघडायला कमी असतं. पण फूटरेस्ट बंद करायला टाचांनी खाली रेटावं लागतं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि वयस्कांना ते जमत नाही. त्यांना मोटरच द्या.

मोटर बहुतेक वेळा २९ व्होल्ट डीसीवर, २ अँपिअरच्या अडॅप्टरने चालते. ती सतत चालवण्यासाठी नसते, दोन मिनिटं चालली की अठरा मिनिटं विश्रांती असं प्रमाण सहसा दिलेलं असतं. मुलांनी बटणाशी खेळत खुर्ची वर-खाली केली तर मोटर तापून आतला स्विच उडतो. थंड झाली की पुन्हा चालते. लाइट गेल्यावर पाय वर अडकून राहतात, म्हणून त्याच व्होल्टेजचा बॅटरी पॅक बसवा किंवा इन्व्हर्टरच्या प्लगवर अडॅप्टर लावा. वायर हलणाऱ्या पट्ट्यांपासून दूर, क्लिपांनी चौकटीला बांधलेली हवी. जमिनीवर लोळणारी वायर एक दिवस मेकॅनिझममध्ये चिरडते.

'झिरो ग्रॅव्हिटी' म्हणजे नेमकं काय?

वजनरहित अवस्थेत शरीर सैल सोडलं की धड आणि मांडी यांत जवळजवळ १२८ अंशांचा कोन होतो, असं स्कायलॅब या अंतराळस्थानकावरच्या अंतराळवीरांच्या निरीक्षणातून नासाने नोंदवलं. खुर्चीत तोच कोन ठेवून पाय हृदयाच्या पातळीला किंवा वर नेले की तिला हे नाव लावतात. पायांची सूज आणि कमरेचा ताण यांत बऱ्याच जणांना बरं वाटतं. हृदयविकार किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी पाय एवढे वर ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आजी-आजोबांसाठी वेगळं काय करावं?

त्यांना बसणं जड जात नाही, उठणं जड जातं. दबलेली सीट १८.५ ते १९ इंच ठेवा, पुढची कड कडक ठेवा, आणि हात सीटच्या कडेपर्यंत पुढे आणून टोकाला मुठीत मावेल असा लाकडी गोलवा द्या, त्यावर भार देऊन उठता येतं. सीटखाली पाय मागे घ्यायला चार इंच मोकळी जागा हवी. ती नसेल तर उठताना तोल पुढे येतच नाही. फारच त्रास असेल तर सगळी खुर्ची पुढे उचलणारा लिफ्ट प्रकार घ्या.

तालमीत तयार झालेल्या, ११०-१२० किलोच्या माणसाला नेहमीचा रिक्लायनर चालेल का?

नाही, आणि दुकानदार 'चालेल' म्हणाला तरी घेऊ नका. मेकॅनिझमवर किती भाराची हमी आहे ते लेखी बघा आणि माणसाच्या वजनाच्या वर किमान २५ टक्के सोय ठेवा. दणकन बसण्याच्या झटक्यात भार वजनाच्या कितीतरी वर जातो. सीट २४ इंच रुंद, खोली २०.५ ते २१, स्प्रिंगच्या सहा ओळी, खालचा फोम ५० डेन्सिटीचा. पैलवानी बांध्यात खांदे आणि पाठ भरलेली असते, म्हणून कमरेचा फुगवटा थोडा वाढवा आणि खांद्यांजवळची भरणी कमी करा, नाहीतर पाठीचा वरचा भागच टेकतो. फूटरेस्टवर बसून बूट चढवायची सवय असेल तर ती मोडावी लागेल. एवढ्या वजनाने फूटरेस्टचे दांडे वाकतात आणि खुर्ची पुढे कलंडू शकते.

कापड, रेक्झिन की चामडं?

कोल्हापूरच्या हवेत, विशेषतः चार महिन्यांच्या पावसाळ्यात, आमचा कल कापडाकडे आहे. घट्ट विणीचं पॉलिस्टर, मार्टिनडेल घर्षण चाचणीत २५ हजारांहून जास्त वेळा घासलं तरी टिकणारं. एका खुर्चीला ५४ इंच पन्ह्याचं साडेसहा ते सात मीटर लागतं. चौकटी किंवा पट्ट्यांची नक्षी जुळवायची असेल तर एक मीटर जादा धरा.

पीयूचं (पॉलियुरेथेनचं) नकली चामडं दिसतं छान, पण दमट हवेत त्याचा वरचा थर ओलाव्याने तुटत जातो आणि काही वर्षांत पापुद्रे निघतात. डोकं आणि हात टेकतो तिथे तेल, घामाने आधी. पीव्हीसी रेक्झिन जास्त टिकतं, मात्र एप्रिल-मेमध्ये अंगाला चिकटतं. अस्सल चामडं घेणार असाल तर सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास लागेल, जाडी १ ते १.२ मिमी.

आतल्या अस्तराला आणि तळाच्या धूळकापडाला इचलकरंजीचं सुती कापड उत्तम. तळाला प्लास्टिकचं कापड लावू नका, ओल आत कोंडते.

कोल्हापुरी चपलेचं चामडं वापरता येईल का?

सीट-पाठीला नाही. चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं, कडक आणि जाड असतं. ते पायाखाली आकार धरतं, पण फोमवर ताणलं तर घडीच्या जागी चिरतं. कुशनकामाचं चामडं क्रोमने कमावलेलं, मऊ असतं. हाताच्या वरच्या पट्टीला, बाजूच्या खिशाला किंवा रिमोटच्या पट्ट्याला मात्र कोल्हापुरी चामडं जरूर लावा. वापराने त्याचा रंग गडद होत जातो आणि वेणीकाम करणारे कारागीर इथेच आहेत.

तांबडा रस्सा सांडला तर?

घासू नका. कोरड्या फडक्याने टिपा, मग तेल शोषायला मक्याचं पीठ किंवा टाल्कम पावडर अर्धा तास ठेवून झटका. नंतर भांड्यांचा सौम्य साबण थेंबभर, पाणी कमीत कमी. हळद असेल तर कपड्याचा साबण किंवा सोडा लावू नका, डाग लाल होतो. उरलेला पिवळा डाग दोन-तीन दिवस उन्हाची तिरीप मिळाली की फिका पडत जातो. शिवतानाच सीटचं कव्हर चेनचं केलं तर हा सगळा खटाटोप अर्धा होतो.

नमुना तयार झाल्यावर काय तपासावं?

वेगवेगळ्या उंचीच्या निदान पाच जणांना बसवा, प्रत्येकाला ४० मिनिटं, हातात मोबाइल न देता. पाच मिनिटांनी दिलेलं मत लिहूच नका. कोण कितव्या मिनिटाला चुळबुळ करतं आणि कुठला भाग सावरतं, ते टिपा. मान हलली तर डोक्याचा टेकू, पुढे घसरला तर सीटचा चढ, पाय हलवले तर सीटची कड किंवा खोली.

मग ८० किलोचा भार ठेवून शंभर वेळा पूर्ण उघडझाप. नंतर तळ वर करून प्रत्येक बोल्ट आणि रिव्हेट बघा, रिव्हेटभोवती काळा भुगा दिसला तर तिथे लोखंड लोखंडाला खातंय. शेवटी रिकामी खुर्ची पूर्ण मागे टाकून पाठीच्या वरच्या कडेवर हाताने दाब द्या. पुढचे पाय सहज उचलले गेले तर खालची चौकट मागे आणखी लांब हवी.

फूटरेस्ट बंद होत नाही किंवा करकर आवाज येतो. घरी काय करता येईल?

आधी टॉर्च घेऊन खाली बघा. पेन, नाणं, रिमोट किंवा मुलांची खेळणी पट्ट्यांत अडकलेली असतात. ती नसतील तर दोन्ही बाजूंच्या परतीच्या स्प्रिंगा जागेवर आहेत का बघा, एक निसटली तरी फूटरेस्ट तिरका राहतो. आवाजासाठी खोबरेल किंवा मशीनचं तेल ओतू नका. त्यावर धूळ चिकटून लगदा होतो आणि कापडावर डाग पडतात. सुका सिलिकॉन स्प्रे, प्रत्येक सांध्याला थोडासा, नळी लावून. वर्षातून एकदा बोल्ट आवळा. दांड्याऐवजी केबलची कडी असेल आणि ती सैल लागत असेल तर केबल तुटण्याआधी बदला.

जिन्यातून आणि दारातून खुर्ची जाईल का?

पाठ सुटी होणारी करा. पाठीच्या दोन्ही बाजूंना सरकते कंस बसवले की ती वर उचलून वेगळी होते आणि उरलेला भाग आडवा करून ३० इंची दारातून नेता येतो. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांचे जिने अरुंद आणि वळणाचे असतात, तिथे हातही बोल्टने सुटे होणारे ठेवा. उचलताना फूटरेस्ट धरायचा नाही, खालची चौकट धरायची. आणि मेकॅनिझम दोरीने बांधून ठेवा, नाहीतर जिन्यात उघडतं.

पुराचं पाणी लागलेली खुर्ची वाचते का?

२०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरानंतर हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला. फोम, पॉलिफिल, गोणपाट वाचत नाहीत. पुराच्या पाण्यातली घाण आतून निघत नाही, ते टाकून द्या. मोटर आणि अडॅप्टर वाळवून पुन्हा लावू नका. मरीन प्लायचा सांगाडा मात्र स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत तीन-चार आठवडे वाळवला तर राहतो. कडा फुगल्या, थर सुटले तर नाही. मेकॅनिझम पहिल्या दोन-तीन दिवसांत गोड्या पाण्याने धुऊन, हवेच्या झोताने सांधे कोरडे करून वंगण दिलं तर वाचू शकतं. गंज सांध्यात शिरला की नवीनच घ्या.

पाणी येण्याचा इशारा मिळाला आणि खुर्ची वर नेणं शक्य नसेल तर निदान प्लग काढा, पाठ आणि सुट्या गाद्या काढून माळ्यावर टाका. खुर्ची बनवून घेतानाच सीटची गादी वेल्क्रोने सुटी होणारी करून ठेवली असेल तर हे काम दहा मिनिटांत होतं.